दोन बोटं कापड

"कापताना कापडाकडे नाही, पोराकडे बघायचं. आत दोन बोटं माया ठेवायची. पोर वाढणारच."

हे सांगणारे मामंजी जाऊन चार वर्षं झाली, तरी कात्री कडेला आली की थोरल्या सुनेचा हात अजून थबके. शिवलेला कपडा वाढवून द्यायचे पैसे ते घेत नसत. "वाढ देवाने दिली, तिचे पैसे आपण कसे घ्यायचे?" म्हणत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, "आपल्या हातचं घेऊन कुणी आलं, तर तसंच परत पाठवू नकोस."

आता मामंजींचं शिंपीकामाचं दुकान धाकट्या दिराकडे होतं. एका कंपनीसाठी शाळेचे गणवेश शिवायचे. नमुना कंपनीचा, आत कापड जेमतेम. पहिल्याच खेपेला तिने सवयीने माया सोडली आणि अख्खा गठ्ठा परत आला. भाऊजी ओरडले नाहीत.

"वहिनी, मशीनवर बारा बायका बसतात. दरवर्षी नवा कपडा खपला तरच पुढच्या वर्षी त्यांच्या चुली पेटणार. आबांचं गिऱ्हाईक दारात यायचं. आपलं गिऱ्हाईक कंपनी."

त्या दिवसापासून तिने मायेवर कात्री चालवली.

आज दुपारी कोपऱ्यावरची इस्त्रीवाली लेकीचा निळा स्कर्ट घेऊन आली. "बाई, पोरगी ताडासारखी वाढलीय. गुडघा दिसला की वर्गाबाहेर उभं करतात. एवढा काठ उसवून लांब करून द्या. तुमच्याकडे शिवलेला आहे म्हणूनच घेतला बरं का! म्हाताऱ्यांच्या दुकानातला म्हणजे आत कापड असणारच."

तिने काठ उलटला. आत काहीच नव्हतं. हुकाखाली दोरा मात्र दुहेरी गाठीचा. तिच्याच हातचा.

"जरा उसवून बघा ना."

"नाही आत काही. मीच ठेवलं नाही."

इस्त्रीवाली हसली. "राहू द्या. पोरीलाच सांगते, जरा दमानं वाढ." तिने स्कर्टची चुणी न् चुणी जुळवून घडी घातली आणि ती गेली.

ते हसू दिवसभर सलत राहिलं. संध्याकाळी मशीनं थांबल्यावर तिने खुंटीवरचा मामंजींचा निळा कोट उतरवला, अस्तर उसवलं. आत सगळीकडे दोन-दोन बोटं कापड, न विटलेलं. कोट त्यांनी वयाच्या सत्तरीत शिवलेला. तेव्हा वाढणार कोण होतं? तिचे डोळे भरून आले. स्कर्ट वाढवायला तेवढ्या कापडाने भागेना, म्हणून तिने कोटाचा घेरही कापला.

"वहिनी! आबांचा कोट?" दारात भाऊजी उभे होते.

"हो."

"उद्या सगळी गल्ली दारात उभी राहील. कुणाकुणाला पुरणार आहात?"

"कोट पुरेल तितक्यांना."

भाऊजी दारातून बाजूला झाले.

कापलेल्या पट्ट्या, कात्री आणि निळं रीळ पिशवीत घालून ती इस्त्रीवालीच्या घराकडे चालू लागली.