पुरे न म्हणणारी पाहुणी

पाहुणीचं पोट डावीकडून वर आलेलं मी पाहिलं तेव्हा सव्वाबारा झाले होते. सून जेवायला एक वाजता येते. म्हणजे पाऊण तास परसात मी होते, ती शेळी होती आणि मी करून ठेवलेलं होतं.

आधी वाटलं, बसण्याची तऱ्हा असेल. मग ती उठली. उठली म्हणजे पुढचे पाय टाकले आणि मागचे विसरल्यासारखी थांबली. मान लांब केली आणि दात खाल्ले. दगडावर दगड घासावा तसा तो आवाज. तिची दोन करडं, तीन आठवड्यांची, कासेला ढुशा देत होती, तर तिनं त्यांना लाथ मारली. पाहुणीनं लाथ मारलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती. मी कुशीवर हात ठेवला. फुग्यासारखं हलकं असेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं. भिजवलेलं पीठ पोत्यात भरावं तसं होतं. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

तो खड्डा पाहिला आणि मी हात मागे घेतला.

शेळी आणायचा घाट सुनेचा. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि घरी आली की स्वतःचे डोळे मोबाईलला चिकटवते. त्यात कुणीतरी परसात शेळ्या-कोंबड्या पाळून सुखी झालेलं तिनं पाहिलं, झालं. मुलगा म्हणाला, "अगं, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" तो लिफ्ट दुरुस्त करतो, जे बटण दाबून थांबत नाही त्याच्या नादी लागत नाही. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणाले, "तुम्हाला नसेल कळत. माझं माहेर शेळ्यांतलं. मी नुसतं ओरडणं ऐकून सांगायचे शेळीला काय दुखतंय ते."

कसलं सांगायचे! आत्याकडे दोन शेळ्या होत्या आणि त्या दिसल्या की मी माळ्यावर चढून बसायचे. पण सुनेसमोर बोललेला शब्द परत घ्यायची मला सवय नाही. ती बिचारी म्हणाली, "मग काय, आई आहेत ना!" आणि पुढच्या आठवड्यात टेम्पोतून ही गाभण शेळी उतरली. उतरली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, जेवायची वेळ साधून आल्यासारखी. म्हणून मी तिला पाहुणी म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

सुनेचं सगळं मापानं. गोठ्याच्या दारावर तिनं शाळेतली पाटी टांगली. मक्याचा भरडा रोज सकाळी एक मग, संध्याकाळी एक मग, त्याहून दाणाभर जास्त नाही. दिला की खडूनं लिहायचं. "ती काय दवाखान्यात भरती आहे?" मी म्हणायचे. "आई, धान्य जास्त झालं तर त्यांना चालत नाही म्हणे." "म्हणे! कोण म्हणे? तो मोबाईल?" ती हसायची आणि एकच मग भरायची.

माझ्या घरी मापानं कुणी जेवलेलं नाही. ताटावर आडवा हात येईपर्यंत मी वाढते, आणि हात आला तरी एकदा वाढते, कारण पहिला नकार लाजेचा असतो. माझ्या दारातून कुणी अर्धपोटी गेला असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नाही.

त्या दिवशी सकाळी झाली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. तिला सगळी गल्ली रेडिओ म्हणते. बातमी ऐकायला तिच्याकडे जावं लागत नाही, आपोआप येते. म्हणाली, "मावशी, तुमची पाहुणी वाळली की हो. बरगड्या मोजून घ्या. खायला घालता ना?"

"तुझ्या घरात माणसं जेवढं खातात त्याच्या दुप्पट खाते ती," मी म्हणाले.

"तसं दिसत नाही बाई."

तिथंच मी पेटले. भरड्याच्या पिंपाचं झाकण काढलं, बादली बुडवली आणि रेडिओच्या डोळ्यांदेखत पाहुणीपुढे ठेवली. पाहुणीनं तोंड घातलं ते वर काढेचना. मी विचारलं, "अजून?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अजून ओतलं. रेडिओ म्हणाली, "वा!" मी अजून ओतलं. कुणी पुरे म्हणेपर्यंत वाढायचं एवढंच मला येतं, आणि शेळी पुरे म्हणत नाही. सगळं मिळून अर्धी बादली गेली असेल. वर सुपारी द्यावी तशी एक मूठ हातानं भरवली.

आता सव्वाबाराला मी पहिलं काय केलं सांगू? डॉक्टरला फोन केला नाही. बादली धुतली.

बादली धुतली, सांडलेला भरडा झाडून कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला, पिंपाचं झाकण नीट बसवून त्यावर सून ठेवते तो दगड जसाच्या तसा ठेवला. पाटीवर सुनेच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सकाळी १ मग'. ते वाचून मला बरं वाटलं. इतकी मी घाबरले होते.

सुनेच्या ओरडण्याला मी भीत नाही; ओरडायला मीच तिला पुरून उरते. ती ओरडणार नाही, याची मला भीती वाटली. ती नुसती माझ्याकडे पाहील, डोळे तपासते तशी, आणि मग पुन्हा मला काही विचारणार नाही.

पाहुणी बसली. मग आडवी झाली. मी पोट चोळलं, तर कण्हली. अगदी माणसासारखी. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसून ऐकलेलं आहे मी तसलं कण्हणं. मी तिच्या कानात म्हणाले, "अगं, ढेकर दे. एक ढेकर दे, मी तुझ्या पाया पडते." करडं दोन्हीकडून ओरडत होती.

सून आली ती पिशवी दारातच टाकून धावली. पाहुणीला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, कधीपासून?"

"आत्ताच," मी म्हणाले. माझं दुसरं पाप.

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे कुठेतरी गाय हंबरत होती. डॉक्टर घाईत होते. "काय खाल्लंय?"

"काल ओला लसूणघास दिला होता थोडा. धान्य रोजच्याएवढंच."

"नक्की? धान्य जास्त गेलं असेल तर तसं सांगा. मग पोटात त्याचं आंबून विष होतं, मला आत्ताच्या आत्ता निघावं लागेल. इथं एक गाय अडली आहे."

"नक्की. मी स्वतः मापून देते, पाटीवर लिहिलंय. आणि आई दिवसभर घरी असतात, त्यांना जनावरांचं सगळं कळतं." असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो ना, आई?"

मी पाहुणीचं पोट चोळत राहिले.

तेवढ्यात भिंतीवर रेडिओचं डोकं आलं. तिनं पाहुणीला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. आता ही बोलणार, मी म्हटलं. जन्मभर जे बोलू नये ते बोलली, आज बोलणारच. तर रेडिओ हळूच म्हणाली, "ओल्या घासानंच होतं हो असं. माझ्या मामाच्या शेळीलाही झालं होतं." आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले, काळजी करू नका अशा अर्थानं. सकाळी तिनंच मला डिवचलं होतं ना.

"मग घासच असणार," डॉक्टर म्हणाले. "पाव लिटर गोडेतेल पाजा. डोकं फार वर धरू नका, फुप्फुसात जाईल. मी पाचपर्यंत येतो." फोन बंद.

पाच. तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

सून तेलाची बाटली घेऊन आली. मला म्हणाली, "आई, तुम्ही डोकं धरा. तुम्हाला येतं." मी गुडघ्यांवर बसले आणि पाहुणीचं डोकं हातात घेतलं. तिच्या डोळ्यांतली ती आडवी काळी रेघ माझ्यावर रोखलेली होती. सकाळी अजून मागताना होती तशीच. तोंडाला आंबूस वास येत होता. जिभेला हात लागला, जीभ गार होती. माझं पोर तापानं फणफणलं होतं तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते, कारण तो ताप मी आणलेला नव्हता.

मनात म्हटलं, तेलानं वाईट काय होणार? कदाचित उतरेलही. पाचपर्यंत काढेलही ती. कुणाला कळणार आहे? रेडिओच माझ्या बाजूला आहे म्हटल्यावर!

सुनेनं बाटलीचं बूच काढलं आणि पाहुणी पुन्हा कण्हली.

"थांब," मी म्हणाले. "तेल नको. मी धान्य घातलं तिला."

सून थांबली. बाटली तशीच तिरपी हातात. "किती?"

"अर्धी बादली."

"कधी?"

"नऊला. तू गेल्यावर."

"आई, अहो, तुम्हाला तर माहीत असतं ना... माहेरी तुमच्या..."

"माहेरी माझ्या एक मांजरसुद्धा नव्हतं! आत्याच्या शेळ्यांना बघून मी माळ्यावर पळायचे. आता डॉक्टरांना फोन लाव, मग हवं तेवढं मला बघत बस!"

कबुली देतानाही माझा आवाज वरचाच होता. दुसरा मला येत नाही.

दोनदा नंबर लागेना. लागला. डॉक्टरांनी ऐकलं आणि एक शिवी गिळल्याचा आवाज आला. "आजींना द्या फोन. आजी, खाण्याचा सोडा आहे घरात? तीन चमचे, कोमट पाण्यात, थोडा थोडा गालाच्या बाजूनं पाजा. मग तिला उभी करा आणि चालवा. आडवी पडू देऊ नका. कुणाला तरी गाईपाशी उभं करून मी निघालोच."

सोडा डब्यात चिमूटभर निघाला. मी काही म्हणायच्या आत रेडिओ भिंतीवरून उतरून अख्खं पाकीट घेऊन आली. साठीची बाई भिंत चढली-उतरली, जिन्यालासुद्धा कुरकुर करणारी. सोडा पाजला. अर्धा माझ्या पदरावर सांडला. मग आम्ही चालवायला लागलो. सून पुढे दावं धरून, मी मागून पाहुणीला आधार देत, रेडिओ दोन्ही करडं काखेत मारून. कपड्यांच्या दोरीखालून विहिरीच्या पंपापर्यंत आणि परत. पाहुणी चार पावलं टाकायची आणि गुडघे मोडायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेली. प्रत्येक वेळी मी पोटाखाली हात घालून उचलायचे. माझी कंबर कधीच गेलेली आहे, पण त्या दिवशी ती कुठे होती मला आठवत नाही.

सून पुढेच बघत चालली होती. मी म्हणाले, "बोल काहीतरी. शिव्या दे." ती वळून न बघता म्हणाली, "आई, वळणावर जपून. तिचा पाय अडकतोय."

डॉक्टर पावणेदोनला आले. कोपरापर्यंत गाईचंच लागलेलं होतं. त्यांनी पाहुणीच्या तोंडातून नळी घातली, हात-दीड हात आत गेली असेल, आणि दुसरं टोक ठेवायला बादली मागितली. मी तीच दिली. दुसरी होती, पण मी तीच दिली. त्यात जे आलं त्याच्या वासानं रेडिओ लांब पळाली. सकाळचाच भरडा होता, न पचलेला. मी बघत उभी राहिले.

इंजेक्शनं दिली. मग डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. "तासभर आधी फोन आला असता तर मी खात्रीनं बोललो असतो. आता उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. पाचला आलो असतो, तर नुसता मेल्याचा दाखला लिहायला आलो असतो. उद्या रवंथ करायला लागली तर वाचली. आणि आजी, आज तिनं मागितलं तरी काही देऊ नका."

सकाळी उजाडलं तेव्हा मी गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. पाहुणी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. तिच्याजवळ जायची माझी छाती होईना. गार लागली तर? सून बाहेर आली, माझ्याशेजारी उभी राहिली. दोघी पाहुणीच्या तोंडाकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाहुणीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि जबडा हलला. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

सुनेनं माझा खांदा घट्ट धरला.

मग ती पाटी पुसायला गेली. "थांब," मी म्हणाले आणि तिच्या हातातून खडू घेतला. माझी शाळा तिसरीतच सुटली. उभं राहून लिहायची तर सवयच नाही. अक्षरं खाली घसरली. तरी लिहिलं: 'काल अर्धी बादली. मी.'

सुनेनं वाचलं. खडू घेतला आणि त्याखाली लिहिलं: 'आज काही नाही.' मग दुकानाची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "आई, दुपारी फोन करते. कशी आहे ते खरं सांगा." आणि गेली.

ती गेली आणि पाहुणी उठली. अडखळत उठली, माझ्यापर्यंत आली, मान लांब केली आणि त्या आडव्या रेघांनी माझ्याकडे पाहत राहिली. पिंप माझ्या मागेच होतं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.