विसरभोळीची जागा

मित्रांनो, मी एक जुनी मेमरी चिप आहे. काळं चपटं अंग, दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा आणि पाठीवर नंबर. सांगितलेलं मी लगेच लक्षात ठेवते, पण वीज गेली की सगळं साफ विसरते. मग ही गोष्ट कशी सांगते आहे, ते मात्र विचारू नका.

मला घडवणारे इंजिनिअर मोठे हुशार आणि तितकेच खोडकर. माझा वेग बेताचा, म्हणून माझ्या पोटातल्या नक्षीत त्यांनी एक गोगलगाय कोरली. सूक्ष्मदर्शकाशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती, तरी तिची शिंगं त्यांनी मन लावून काढली. मला त्या लोकांचा फार अभिमान वाटतो.

उमेदीची वर्षं मी छापखान्यातल्या एका यंत्रात काढली. मालक पाहुण्यांना ते यंत्र कौतुकानं दाखवायचे. पुढे नवी यंत्रं आली, माझी रवानगी भंगारात झाली आणि माझ्यासारख्या चिप बनणंही बंद झालं.

एक दिवस यंत्रं दुरुस्त करणारी एक ताई मला शोधत भंगारवाल्याकडे आली. ऑपरेशनमध्ये तिच्या काकांचा आवाज गेला होता. बटणं दाबून लिहिलेलं बोलून दाखवणारं जुनं यंत्र, तोच त्यांचा आवाज. त्यातली चिप जळाली आणि गप्पिष्ट काका मुके झाले. नव्या यंत्राला ते हातानंच नको म्हणत. ताईनं मागवलेली पहिली चिप बनावट निघाली, जुना नंबर घासून वर खोटा छापलेला. म्हणून माझा नंबर खरा आहे का, हे बघायला तिनं शाई उतरवणाऱ्या औषधाच्या बोळ्यानं माझी पाठ खसाखसा पुसली.

"ताई, चिप आहे ती, भांडं नाही," भंगारवाला म्हणाला.

नंबर गेला नाही. ताईचा चेहरा असा खुलला की मला माझंच कौतुक वाटलं.

काकांच्या यंत्रात माझ्या खाचेशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'विसरभोळीची जागा'. म्हणजे हे इंजिनिअरही त्याच वळणाचे! ताईनं मला अलगद तिथे बसवलं.

काकू समोर बसल्या होत्या. काकांनी एकेक अक्षर दाबलं. मी ते सगळं जिवापाड धरून ठेवलं. यंत्र खरखरलं आणि बोललं, "इतके दिवस तूच बोलत होतीस. आता माझी पाळी."

"बोला," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी मध्ये बोलणार नाही."

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी एवढंच बघा, त्याच्यावाचून घरात कोण गप्प होणार आहे.