बुडबुड्याचं चित्र

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात पिवळ्या पडलेल्या कापडाखाली जो एकाक्ष म्हातारा बसलाय ना, तो मी. शाळेचा सूक्ष्मदर्शक. कारखान्यात एका कारागिराने माझी भिंगं घासून घासून अशी लख्ख केली, की पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याच्या तोंडून नुसतं "अबब!" निघायचं. पुढे विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी मागच्या फळीवर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यातला एक बिघडला आणि बाईंना माझी आठवण झाली.

माझी एक अडचण आहे. मला डोळा एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच दिसतं. चौघांचा गट आला की बाकीचे तिघं "आटप ना लवकर!" करत ताटकळत उभे. अशाच एका गटात बारकी होती. चणीने लहान, पण कामाला वाघ. तिच्यासारखा हलका हात मी दुसरा पाहिला नाही. काच पुसणार ती, कांद्याचा पापुद्रा ठेवणार ती, आणि चित्रही तीच काढणार.

एक दिवस ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, काम सगळं मी करते आणि मार्क चौघांना. मला एकटीला करू द्या."

"तू आम्हाला हात तरी लावू देतेस का?" लंबू म्हणाला. तो तिच्याच गटातला उंच, बडबड्या मुलगा.

दोघांचंही खरं होतं. बाई म्हणाल्या, "आजचं चित्र एकटीने काढ. बरोबर आलं, तर वर्षभर एकटी कर."

बारकीने जीव ओतला. पेशी अशा सुबक रेखल्या की मलाच माझा अभिमान वाटला. पण मधोमध तिने एक मोठी, गोल, काळ्या काठाची पेशी काढली. अहो, ती पेशी नव्हतीच! काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता तो. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

"एकदाच बघू दे गं," म्हणत लंबू वाकला आणि त्याचा धसमुसळा अंगठा काचेवर टेकला.

"अगं, ही सरकतेय! पेशी कधीपासून चालायला लागली?"

बारकीने पुन्हा डोळा लावला आणि तिचा चेहराच उतरला. बाई तर शेजारच्या टेबलापर्यंत आल्या होत्या.

"खोड पटकन," लंबू हळूच म्हणाला. "मी नाही सांगणार कोणाला."

खोडरबर तिच्या हातातच होतं. पण तिने वही तशीच बाईंपुढे धरली. "बाई, हा बुडबुडा आहे. मी पेशी समजले. लंबूने ओळखला."

काय सांगू, माझा ऊर भरून आला!

"मग आता कसं करायचं?" बाईंनी विचारलं.

बारकीने नाक पुसलं. "चित्र काढताना मला कोणी नको. मध्येच बोललं की हात हलतो. पण काढून झालं की चौघांनी बघायचं. आणि उद्या काच लंबू ठेवणार."

"मी? आणि फुटली तर?"

"मी आहे ना शेजारी."

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, त्यांना बोटं लावू नका, काम झालं की मला झाकून ठेवा. आणि तुम्हाला स्पष्ट दिसलं की जरा बाजूला सरा. मागच्याला अजून बघायचं असतं.