सोबत यादी जोडली आहे

तिने ‘पाठवा’ दाबलं आणि मग जोडलेली फाइल उघडून पाहिली.

उलट करायचं असतं.

‘सोबत पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी जोडली आहे.’ मजकूर बरोबर होता. यादी पगाराची होती. सगळ्यांची, नावानिशी, आणि सगळ्यांना.

एक खुर्ची सरकली. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

“त्याला माझ्यापेक्षा चार हजार जास्त?” गोदामाचा मुकादम दारातूनच ओरडला. “अरे, फॉर्म भरायला मीच शिकवलं ना त्याला!”

काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. हातात फोन.

“कोणी केलं हे?”

हिशेब विभागाचा मेल एकच, तिन्ही संगणकांवर कायम उघडा. कुणाचंही बोट असू शकत होतं. तिने आपलं बोट मुठीत घेतलं. नोकरीत कायम केल्याचं पत्र तिला परवा मिळायचं होतं.

मुख्य हिशेबनिसांनी चष्मा कपाळावर चढवला. “नवीन माणसाचं काम दिसतंय, साहेब.”

ती उठली. अकरा महिने ‘नवीन’ हा शब्द तिचाच होता. टेबलाचा कोपरा धरून अर्धी उठली, तोंड उघडलं, आणि

कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

सगळे बघत होते शेजारच्या टेबलाकडे. तिथे सोमवारी रुजू झालेले काका बसले होते. पन्नाशी उलटलेली, आधीची कंपनी बंद पडलेली. त्या यादीत एकट्या त्यांचंच नाव नव्हतं.

काका उभे राहिले. “माफ करा साहेब. माझ्याकडूनच झालं असेल.”

“असेल म्हणजे?”

“झालं.”

“महिनाअखेरीला बघू तुमचं,” म्हणून मालक वळले. दार आपटलं.

ती अजून अर्धीच उठलेली. आता बोलायचं. आता. तिने हात लांब करून पाण्याची बाटली घेतली, जणू त्यासाठीच उठली होती. प्यायली. बसली.

काका वही घेऊन तिच्याकडे झुकले. कोऱ्या पानावर त्यांनी आजची तारीख घातली होती.

“ताई, मी नक्की काय दाबलं असेल हो?”

ती त्यांच्या पडद्याकडे वाकली.

“हे बटण. सुरुवातीला होतं असं, काका.”

त्यांनी लिहून घेतलं. खाली पट्टी धरून रेघ मारली.

“बरं झालं ताई,” ते हळूच म्हणाले, “शेजारी कुणीतरी जुनं माणूस आहे.”