बघायला बंदी नाही

गुडघ्याचा पट्टा उजव्या पायाचा मिळाला. दुखतो तो डावा.

नियम सहावा, जुना: गट तिघांचे असावेत. कोणी एकटा उरल्यास त्यास चिटणीसांच्या गटात घ्यावे.

लिफ्टला एकच दोर कधीच नसतो. चार असतात, पाच असतात. एक तुटला तर बाकीचे धरतात.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत बिस्किटं नाहीत, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.

"अहो, त्या क्लबात तुमच्याशिवाय दुसरा माणूसच नाही का?" हे बायकोचं.

लाकडी फळ्यावर शेवटच्या नावाखाली एका नावापुरती जागा. त्यानंतर नवा फळा करावा लागेल.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच सकाळी, बुटाची नाडी बांधताना. माणूस म्हणजे गोल्फ क्लबाच्या पुरुष स्पर्धांचा चिटणीस. पगार नाही, मान बेताचा, शिव्या भरपूर. नियम त्यानेच लिहायचे, त्यानेच लावायचे, आणि ते कोणाला जाचले की तोंडही त्यानेच द्यायचं. दर वर्षी सभेत तो म्हणायचा, "आता दुसऱ्या कोणाला तरी बघा." म्हटल्याबरोबर सगळ्यांना आपापल्या बुटांकडे बघायची हुक्की यायची.

जुन्या सहाव्या नियमाने त्याचा पिट्ट्या पाडला होता. लोक आपापसात तिघंतिघं जमवायचे आणि दर वेळी एकच माणूस उरायचा. रेडिओ.

रेडिओ हा निवृत्त लिफ्ट-तपासनीस. स्वभावाने गरीब, खेळाने बरा, आणि एकदा बोलायला लागला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. पहिल्या होलला निघालेली गोष्ट अठराव्याला संपायची, आणि संपली की "तर मूळ मुद्दा असा" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. उभा जन्म लिफ्टमध्ये गेला. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. तो सगळा अनुशेष तो आता भरून काढत असावा. आणि हा अनुशेष वर्षानुवर्षं चिटणीसाच्या गळ्यात.

म्हणून त्याने नियम बदलला.

नियम सहावा, नवा: गट चिठ्ठ्या टाकून ठरतील. एकदा ठरलेला गट कोणत्याही कारणास्तव बदलला जाणार नाही. सोबती न आल्यास खेळाडूस त्या दिवशी खेळता येणार नाही.

शेवटचं वाक्य आडमुठं वाटतं, पण या खेळात पंच नसतो. तुमचे फटके बरोबरचा माणूस कार्डावर लिहितो आणि शेवटी सही करतो. बघणारं दुसरं कोणी नसेल तर तुम्ही कितीही झकास खेळा, ते झालंच नाही असं धरतात.

चिठ्ठ्या निघाल्या. रेडिओ गेला वकील आणि फर्निचरवाल्याच्या गटात. चिटणीसाला मिळाले दातांचे डॉक्टर आणि त्याचा स्वतःचा साडू. त्याने आपली चिठ्ठी दोनदा वाचली. वर्षाची शेवटची स्पर्धा. ज्याचे फटके सर्वांत कमी, त्याचं नाव फळ्यावर. या वर्षी चिटणीसाचा हात बरा चालत होता, आणि पुढच्या वर्षी चालेल याची गुडघा काही हमी देत नव्हता. त्याला फार काही नको होतं. एक दिवस हवा होता. लिफ्टशिवाय.

*

वकिलाचा निरोप: पाठ धरली आहे.

फर्निचरवाल्याचा निरोप: घरी पाहुणे.

रेडिओ पहिल्या होलपाशी उभा होता. इस्त्रीची विजार, नवा हातमोजा, पिशवीतल्या काठ्या पुसून लख्ख.

"येतील," तो म्हणाला.

"नाही येणार. कळवलंय त्यांनी," चिटणीस म्हणाला.

"दोघांनी?"

"दोघांनी."

"एकाच वेळी?"

मागून साडू ओरडला, "चल रे, आपला नंबर आला!"

"मग आता नियम काय म्हणतो?" रेडिओने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "वाचला मी नवा नियम. छान लिहिलाय साहेब तुम्ही. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

"आज नाही खेळता येणार तुम्हाला. घरी जा, जरा आराम करा."

"घरी?" रेडिओने हातमोजा काढला आणि बोटांची टोकं एकेक करून सरळ केली. "घरी लवकर गेलो की ती विचारते, काय झालं. काय सांगू? कोणी आलं नाही, असं सांगू? तिला वाटतं इथे माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं."

चिटणीसाने आपल्या गटाकडे वळून पाहिलं. पण गट बदलायचा नाही हे त्यानेच लिहिलं होतं. एकदा बदलला की पुढल्या महिन्यात प्रत्येक जण कारण घेऊन दारात उभा. आणि खरं सांगायचं तर तो थकला होता. चांगुलपणालाही अंगात जोर लागतो.

"साहेब, एक विचारू? बघायला बंदी नाही ना?"

चिटणीसाने मनातल्या मनात सगळे नियम चाळले. कुत्र्यांवर बंदी होती, ती डॉक्टरांच्या कुत्र्याने ग्रीनवर, होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, खड्डा खणल्यापासून. फोनवर बंदी होती, ती वकिलामुळे. हसण्यावरसुद्धा एकदा बंदी सुचवली होती, ती साडूमुळे. प्रत्येक नियमामागे कोणी ना कोणी उभा होता. बघणाऱ्यांवर नियम नव्हता, कारण हा खेळ बघायला आजवर कोणी आलंच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"झालं तर मग!" रेडिओने पिशवी भिंतीला टेकवली आणि त्यांच्या बरोबर चालू लागला.

*

खेळताना रेडिओला निदान स्वतःच्या फटक्यापुरतं तरी थांबावं लागायचं. आता तेही नाही.

होल दुसरा. "लिफ्टमध्ये माणसं दाराकडे तोंड करून उभी राहतात. का? कोणी शिकवलेलं नाही. मी एकदा उलटा उभा राहिलो. काही केलं नाही, नुसता उभा. एक बाई पुढच्याच मजल्यावर उतरली."

होल चौथा. "जायचं होतं तिला नवव्यावर."

होल पाचवा. साडूचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात. साडूच्या तोंडून जे निघालं ते सभ्य भाषेच्या नियम अकराव्यात बसत नाही.

होल सातवा. ती बाई पुढे रेडिओच्या बायकोच्या ओळखीची निघाली.

डॉक्टर फटका मारायला वाकले, ताठ झाले, पुन्हा वाकले. मग चिटणीसाजवळ येऊन हळूच म्हणाले, "आमच्याकडे भूल दिली की निदान आवाज तरी थांबतो हो."

"तुझ्या नियमाने याला बाहेर काढलं की आत आणलं?" साडूने विचारलं.

गंमत म्हणजे चिटणीस चांगला खेळत होता. त्याच्या कानांना सवय होती. बाकीच्या दोघांच्या काठ्या हवेत अडखळत होत्या आणि याचा चेंडू सरळ चालला होता, हापिसातून घरी निघालेल्या माणसासारखा. दहाव्या होलनंतर बातमी आली की फटक्यांच्या हिशेबात पुढे फक्त दुसऱ्या गटातला बँकवाला आहे, आणि तोही फार पुढे नाही.

तेराव्याला साडूने काठी जमिनीवर आपटली. "बस झालं. तू चिटणीस आहेस. व्यत्यय आणणाऱ्याला हाकलायचा अधिकार आहे तुला. आहे की नाही?"

"आहे."

"मग सांग त्याला. तू सांगतोस की मी सांगू? मी सांगितलं तर मग बघ."

चिटणीस रेडिओकडे निघाला. गवतातून चालताना त्याला वाटलं, हे एवढं अंतर संपूच नये. रेडिओ झाडाखाली रुमालाने मान पुसत उभा होता आणि चेहऱ्यावर अशी उत्सुकता, की जणू लिफ्ट यायचीच आहे.

"एक काम कराल?" चिटणीस म्हणाला. मनात हे नव्हतं. तोंडातून आपसूक निघालं. "पुढे जाऊन उभे राहा. चेंडू कुठे पडतो तेवढं बघा. आमची नजर पोचत नाही आता."

रेडिओने टोपी नीट केली. "म्हणजे अधिकृत?"

"अधिकृत."

तो जवळजवळ धावतच गेला. लांब गेला, बोटाएवढा झाला, आणि तिथून दोन्ही हात हलवून त्याने तयार असल्याचं कळवलं.

"शाबास," साडू म्हणाला. "नोकरी देऊन काढून टाकलास."

मग शांतता. पाखरांचे आवाज, पिशव्यांच्या पट्ट्यांची कुरकुर. चिटणीसाने इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली होती ते हेच. त्याने काठी दोनदा धरून सोडली, पण ते मनावर घेतलं नाही.

*

होल सतरावा. उजव्या अंगाला झुडपं, झुडपांच्या अलीकडे पाण्याची चारी. चारीत गेलेला चेंडू बाहेर घेतला की एक फटका वाढतो.

चिटणीसाचा चेंडू उजवीकडे वळला. उतारावरून गवत कापत चारीकडे निघाला. लांबवर रेडिओ एकदम हलला; दोन पावलं, तीन पावलं, एक विचित्र उडी, आणि मग स्थिर. डॉक्टर आणि साडू पार डावीकडे साडूचा चेंडू हुडकत होते. त्यांची पाठ होती.

चिटणीस लंगडत पोचला. चेंडू चारीच्या काठावर, गवतात, अगदी अल्लद बसलेला. इथून एक फटका, मग ग्रीन. अठरावं होल सोपं होतं. फळा.

"वाचवला!" रेडिओ म्हणाला.

"म्हणजे?"

"पाय घातला ना! गेलाच होता चारीत. धावलो नि असा आडवा घातला." त्याने करून दाखवलं. बुटावर चिखल होता.

चिटणीस चेंडूकडे बघत राहिला. चेंडू कोणाला चुकून लागला तर जिथे थांबला तिथून खेळायचा, दंड नाही. कोणी मुद्दाम अडवला तर जिथे गेला असता तिथून. ज्याने अडवला त्याचा हेतू चांगला होता की वाईट, हे नियमात कुठेच विचारलेलं नाही.

"नीट आठवा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "तुम्ही उभे होतात. चेंडू आला आणि पायाला लागला. असं झालं ना?"

"छे! उभा कुठे होतो? तिथे होतो मी, त्या बुंध्यापाशी. तिथून आलो."

"पण बाजूला व्हायला गेलात आणि चुकून..."

"चुकून कसा होईल साहेब?" रेडिओ दुखावला. "या वयात धावलोय मी. तिन्ही पावलं मोजून टाकली. सहज लागला म्हणता? वा!"

डावीकडून साडूची हाक आली, "काय रे, सापडला का?"

चिटणीसाने एकदा फळ्याचा विचार केला. सोनेरी अक्षरं. खाली मोकळं लाकूड. आणि त्याला फक्त बसावंसं वाटलं, तिथेच, गवतात, पाय लांब करून.

"सापडला!" तो ओरडला. "चारीत!"

"चारीत कुठे? हा काय इथे आहे," रेडिओ म्हणाला.

"इथून उभं राहायला जमत नाही मला." त्याने चेंडू उचलला, मागे नेला, सोडला. एक फटका वाढला. मग खेळला. बरा गेला.

ग्रीनवर डॉक्टर कार्ड काढून थांबले होते. रेडिओने त्यांना उडीसकट सगळं सांगितलं. डॉक्टरांना नियम पाठ होता. त्यांनी चिटणीसाकडे पाहिलं. "वाढवला ना?"

"वाढवला."

"काय वाढवलं?" रेडिओने विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. चिटणीसाने नुसती मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टरांनी दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात आयुष्य घालवलं होतं. आपलं मिटून घेतलं.

*

बँकवाला एका फटक्याने जिंकला. तो काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. फळ्यावर नाव लिहायला रंगारी कधी येईल याची चौकशी झाली.

बैठकीच्या खोलीत रेडिओ या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. "चारीतच गेला होता! मी असा पाय घातला..." आणि ऐकणारे एकेक जण मान वळवून कोपऱ्यात बसलेल्या चिटणीसाकडे बघत होते. रेडिओ सोडला तर इथे नियम सगळ्यांना येत होते. पण कोणी काही म्हणालं नाही. साडू मात्र म्हणायच्या बेतात होता. चिटणीसाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" साडू पुटपुटला. "त्याला कळायला नको? उद्या पुन्हा कोणाचा तरी अडवेल."

"कळेल."

"कधी?"

"मला नको विचारू. थकलोय मी."

शेवटी रेडिओ त्यांच्या टेबलाशी आला. खुर्ची ओढली नाही, पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"एकाने गेलं हो साहेब."

"हो ना."

"वाईट वाटतं. पण बघा, मी नसतो तर दोनाने गेलं असतं."

साडूने कप्पाळावर हात मारला. चिटणीसाने वर पाहिलं. रेडिओच्या तोंडावर घाम होता आणि दिवसभर राबल्याचं समाधान होतं.

"दोनाने," चिटणीस म्हणाला. "नक्की दोनाने."

रेडिओने घड्याळ पाहिलं. नेहमीची वेळ झाली होती. "चला. ती वाट बघत असेल. आज सांगायला पुष्कळ आहे." त्याने भिंतीशी टेकवलेली न वापरलेली पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून, चिटणीस, साडू आणि डॉक्टर अशा तिघांनाही नावानिशी निरोप देऊन, निघून गेला.

चिटणीसाला आठवलं, रेडिओ क्लबात नवा आला होता, त्या वर्षीच्या पहिल्या स्पर्धेत त्याच्या गटात खेळायला तिघांनी आपणहून नावं दिली होती, आणि गट तिघांचाच असल्याने त्यातल्या एकाला नाही म्हणावं लागलं होतं.