कुळाच्या नावाचा बिल्ला

मित्रांनो, छातीवर लावतात तो नावाचा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. मी त्यातलाच एक, आता म्हातारा झालेला. अंगावरचा सोनेरी रंग कडेने उडाला आहे, मागची पिन गंजली आहे. माझ्या तोंडावर दोनच शब्द कोरलेले आहेत. वर 'टोलो' आणि त्याखाली 'गोदाम'. आम्हा बिल्ल्यांचे असेच असते. तोंडावर एकदा जे कोरले ते कोरले, त्याशिवाय एक अक्षर बोलायची सोय नाही. म्हणून ही हकीकत इतकी वर्षे माझ्या पोटातच राहिली.

माझा जन्म जोहान्सबर्गपासून दूर, कोमानी गावात, डोरीनआंटीच्या दुकानात झाला. दुकान कसले, एक खिडकी, एक यंत्र आणि सतत खोकणारी डोरीनआंटी. कुणाच्या कपावर नाव, कुणाच्या किल्लीच्या साखळीवर नाव, शाळेच्या ढालीवर, थडग्यावरच्या पाटीवर. गावातली सगळी नावे तिच्या यंत्राखालून जात. यंत्राची सुई अंगावर फिरते तेव्हा गुदगुल्याही होतात आणि दुखतेही. पण त्याआधी काय घडले ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण तिथेच सुरू झाले.

वर्षअखेर जवळ आली होती. लुडिडी फर्निचर या दुकानातून नोमाफा नावाची बाई ऑर्डर द्यायला आली. दुकानातल्या माणसांसाठी नावाचे बिल्ले आणि मोठ्या गिऱ्हाइकांना भेट म्हणून द्यायला नाव घातलेल्या किल्लीच्या साखळ्या. मालक लुडिडीसाहेबांनी नावे कागदावर लिहून दिली होती. डोरीनआंटीने तो कागद टाचून ठेवला आणि नोमाफा निघणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेबच होते. त्यांचा आवाज इतका दणदणीत की फोन कानाला लावला काय आणि न लावला काय, सारखेच.

"अगं, गोदामातला म्हातारा राहिलाच की! त्याचाही एक सांगून टाक. नाही तर रुसून बसेल."

"बोल, नाव काय त्याचं?" डोरीनआंटीने पेन्सिल उचलली.

नोमाफा फोन पिशवीत टाकून पिशवीची चेन लावत बसली.

"अगं बाई, नाव! माझं यंत्र मनकवडं नाही."

नोमाफाने डोक्यावरचा रुमाल उगाच घट्ट केला. मग म्हणाली, "टोलो लिहा."

"हे कुठलं नाव? हे तर कूळ झालं."

"आम्ही त्यांना तेच म्हणतो, आंटी."

"बरं बाई. उद्या 'राणीसाहेब' लिहा म्हणालीस तरी लिहीन. माझं काय जातं?"

आणि सुई माझ्या अंगावर टेकली.

मित्रांनो, म्हाताऱ्याचे नाव नोमाफाला चांगले ठाऊक होते. ते होते बोनिसिले. पण तिच्या सासऱ्यांचे नावही बोनिसिलेच. सासरे केव्हाच वारले होते, नवराही गेला होता, घरात ती आणि सासू एवढ्याच उरल्या होत्या. तरी सुनेने सासऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नाही आणि त्या नावाच्या दुसऱ्या कुणालाही त्या नावाने हाक मारायची नाही, हे आमच्याकडे ठरलेले आहे. तिला त्यासाठी कुणी धाक दाखवत नव्हते. लग्नात एकदा जीभ आवरली ती कायमची आवरली, इतकेच. कुळाच्या नावाने हाक मारणे तर उलट मानाचे. त्यामुळे आपण काही चूक केली असे तिला वाटलेच नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले नाही.

वर्षअखेरच्या मेजवानीत, आल्याच्या बिअरचे पेले रिकामे होत असताना, मला म्हाताऱ्याच्या छातीवर लावण्यात आले. त्याने मान वाकवून मला उलटे वाचले आणि इतका हसला की मी त्याच्या शर्टावर नाचायला लागलो.

"सूनबाई, तू तर माझ्या अख्ख्या खानदानाला नोकरीला लावलंस की गं!" नोमाफाला तो लाडाने सूनबाईच म्हणे.

"मग काय बाबा, एकट्याच्यानं कुठे होतंय तुमच्याकडून?"

लुडिडीसाहेबांनी वाचले, तेही हसले. विषय तिथेच संपला.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. मी छातीवर असलो की अनोळखी गिऱ्हाइके थांबत. "टोलो का? मीपण टोलो!" आणि मग पलंग घ्यायला आलेला माणूस पलंग विसरून गोदामाच्या दारात तासभर गप्पा हाणत बसे. एकदा एक जोडपे लग्नासाठी कपाट बघायला आले. मुलगा मला वाचून म्हाताऱ्याला म्हणाला, "अरे वा, आपण एकाच कुळातले!" मुलगी म्हणाली, "थांब, तू टोलो? मीपण टोलो!" एका कुळात लग्न होत नाही. कपाट राहिले, लग्नही राहिले. म्हातारा आठवडाभर हळहळत होता, "विकायला उभा राहिलो आणि मोडून बसलो."

दुपारी काम थंडावले की नोमाफा चहा आणी, सोबत गरम अमाग्विन्या. ते तळलेले गोळे खाताना म्हातारा हमखास माझ्यावर तेलाचे बोट पुसे. मी ते कधी मनावर घेतले नाही. दोघे बोलत बसत. तिला बाप नव्हता, त्याला मुलगी नव्हती. त्यांनी हे कधी बोलून दाखवले नाही, पण छातीवर बसणाऱ्याला आतले बरेच कळते.

गिऱ्हाइकाचे सामान गाडीत चढवायची वेळ झाली की नोमाफा गल्ल्यावरचा माईक उचले. "टोलो, पुढे या." तिचा आवाज स्पीकरमधून गोदामात येई, बाहेर रस्त्यावरही जाई. म्हातारा "आलो आलो" करत निघे.

मग लुडिडीसाहेब थकले आणि त्यांची पुतणी यान्दिसा जोहान्सबर्गहून येऊन दुकान बघू लागली. हुशार, कामाला वाघ. तिने दुकानाला रंग दिला, रांगेसाठी दोऱ्या लावल्या. तिला वाईट म्हणायला माझी जीभ धजणार नाही, आणि मुळात मला जीभच नाही.

एक दिवस एक बाई भांडत आली. तिच्या पावतीवर सही होती बोनिसिलेची. पोचवलेल्या टेबलाचा पाय मोडका निघाला होता आणि तिला त्या माणसाला जाब विचारायचा होता. तिने सगळ्या छात्या वाचल्या. बोनिसिले कुठेच नाही. "खोटी नावं लावून धंदा करता का?" बाईने रस्ता डोक्यावर घेतला. यान्दिसाला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. दुसऱ्याच दिवशी तिने नवे बिल्ले मागवले, प्रत्येकाच्या खऱ्या नावाचे. या वेळी कुणाला न पाठवता तिने स्वतः ऑर्डर दिली.

म्हाताऱ्याने मला काढून नोमाफाच्या हातात ठेवले. "सांभाळ गं याला. चांगला पोरगा आहे." तिने मला गल्ल्याशेजारच्या खणात ठेवले, टाचण्यांच्या डबीजवळ. तिथून मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येई. ऐकू येणे आणि काही करता न येणे, यासारखी शिक्षा नाही.

"आजपासून बिल्ल्यावर जे नाव आहे तेच माईकवर घ्यायचं," यान्दिसा म्हणाली.

"मॅडम, ते नाव मला..." नोमाफा अडखळली. "माझ्या सासऱ्यांचं आहे."

यान्दिसा आमच्यातलीच, तिला सारे कळत होते. "मला समजतंय, ताई. पण हे दुकान आहे, सासर नाही. एकीला सूट दिली तर उद्या प्रत्येकजण आपापलं काहीतरी घेऊन येईल."

नोमाफाने पहिल्यांदा माईकवर नुसते "बाबा, पुढे या" म्हणून पाहिले. तीन म्हातारी गिऱ्हाइके काठ्या टेकत गल्ल्यापाशी आली. सगळे हसले. यान्दिसाही हसली, पण म्हणाली, "बाबा म्हटलं की अर्धं कोमानी वळून बघतं. नाव घ्या." मग नोमाफा दर वेळी स्वतः उठून गोदामापर्यंत चालत जाऊ लागली. तेवढ्यात गल्ल्यासमोर रांग वाढे, लोक कुरकुरत. शेवटी यान्दिसाने स्पष्ट सांगितले, "सोमवारपासून माईकवर. जमणार नसेल तर दुसरं काम बघा."

नोमाफाची नोकरी गेली असती तर त्या घरातली चूल कशावर पेटणार, हे मलासुद्धा कळत होते.

चहाच्या वेळी ती म्हाताऱ्याशी बोलत होती. "काल सासूबाईंना विचारलं. म्हटलं, पोटासाठी नाव घेतलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, मला विचारू नकोस. तू विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल."

"शहाणी बाई आहे," म्हातारा म्हणाला.

"पण मी काय करू, बाबा? रात्री पांघरुणात तोंड खुपसून म्हणायला गेले. ओठ उघडतात, पुढे काही निघतच नाही."

"नको म्हणूस. सोमवारचं सोमवारी बघू."

सोमवारी म्हातारा सकाळपासून गल्ल्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. पावती फाटली रे फाटली की विचारी, "काय, पलंग का? हा निघालो." हाक मारायची वेळच तो येऊ देईना. सामान चढवून धापा टाकत परत गल्ल्याशी हजर. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. नोमाफा हळूच म्हणे, "बाबा, बसा जरा." तो म्हणे, "बसलो की झोप लागते." म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचा आवाज खणात माझ्यापर्यंत येई. मला वाटे, ओरडून सांगावे यान्दिसाला. पण मी ओरडून ओरडून काय ओरडणार? टोलो, गोदाम.

आणि मग व्हायचे तेच झाले. त्याचे लक्ष गल्ल्याकडे, गोदामाचे मागचे दार उघडे. कुणीतरी टेम्पो लावून एक नवी कोरी शेगडी आणि दोन गाद्या उचलून नेल्या.

"तुम्ही जागा का सोडलीत, बाबा?" यान्दिसाचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. काकांना ती काय तोंड दाखवणार होती?

"म्हातारपण, बाई. आत गार वाटतं. इथं जरा ऊन येतं."

"उन्हासाठी?"

"उन्हासाठी."

नोमाफाची खुर्ची करकरली. ती उठली असावी. "मॅडम, ते उन्हासाठी नव्हतं..."

"सूनबाई, चहा ठेव," म्हातारा मध्येच म्हणाला. इतक्या कडक आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती थांबली. यान्दिसा म्हणाली, "मग आता घरीच बसा उन्हात," आणि तिच्या टाचा टकटक करत दूर गेल्या.

"मला बोलू का दिलं नाहीत?" नोमाफा रडत होती.

"तू बोललीस तर दोघं घरी. गप्प बसलीस तर मी एकटा. आणि मी नाहीतरी जाणारच होतो, आज नाही तर उद्या." मग म्हणाला, "नवा माणूस येईल. त्याचं नाव तुला घेता येईल. सुटलीस बघ."

तिला सुटल्यासारखे मुळीच वाटले नाही.

यान्दिसाचे मन दगडाचे नव्हते. तिने डोरीनआंटीकडून म्हाताऱ्यासाठी भिंतीवरचे घड्याळ करून घेतले, खाली पितळी पट्टीवर मजकूर कोरलेले. निरोपाच्या दिवशी सगळे गल्ल्यासमोर जमले, गिऱ्हाइकेही थांबली. यान्दिसा चार शब्द बोलली, चांगले बोलली. आणि मग म्हणाली, "यांच्याबरोबर सगळ्यात जास्त काम नोमाफाताईंनी केलंय. घड्याळावर काय लिहिलंय ते त्याच वाचतील."

मित्रांनो, तिने हे मुद्दाम केले नाही. तिला मान द्यायचा होता. गडबडीत ती विसरली होती, बस्स.

माईक चालू झाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. स्पीकरमधून नुसता नोमाफाचा श्वास ऐकू येत होता, दुकानात आणि बाहेर रस्त्यावर. कुणीतरी खोकले. कुणीतरी कुजबुजले, "वाचता येत नाही का हिला?" यान्दिसाला तेव्हा आठवले असावे, कारण तिच्या तोंडून बारीकसे "अगं बाई" निघाले. पण दिलेला माईक सगळ्यांसमोर परत कसा घ्यायचा, हे तिलाही सुचेना. मी खणात पडून होतो. माझ्या तोंडावर तिला म्हणता येईल असे नाव होते, आणि मला ते तिच्या हातात सरकवताही येत नव्हते.

तेवढ्यात म्हाताऱ्याची पावले ऐकू आली.

"द्या इकडे. आमच्या सूनबाईचा चष्मा घरी राहिलाय." नोमाफाला चष्मा कधीच नव्हता. माईक त्याच्या दाढीला घासल्याचे खरखरले, आणि त्याने मोठ्याने, एकेक शब्द सावकाश वाचला. "'बोनिसिले यांना, प्रामाणिक सेवेबद्दल, लुडिडी फर्निचरकडून सप्रेम.' कोण हो हा माणूस? भला दिसतोय. कुणाच्या ओळखीचा असेल तर निरोप द्या, त्याचं घड्याळ माझ्यापाशी आहे."

दुकान हसून हसून लोळले. बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. त्या गोंधळात माईक बंद झाला आणि तो खणाजवळ वाकून अगदी हळू बोलला.

"झालं बरं का, सूनबाई. तुझ्या वाटणीचंही मीच घेतलं."

मग तो निघून गेला. त्याला थांबवायला हाक मारावी असे तिला वाटले असेल तर ते मला माहीत नाही. ऐकू तरी आले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी दुकान काढाल, कुणी कारखाना. माणसांसाठी बिल्ले मागवाल, वर्षअखेरीला नावे घातलेल्या भेटी द्याल. तुमच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. यान्दिसाच्या चांगुलपणाबद्दलही नव्हती. फक्त ऑर्डर देण्याआधी खुर्चीतून उठा आणि त्या माणसापाशी जाऊन विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आणि ज्याने रोज हाक मारायची आहे, त्यालाही विचारा. विचारायला वेळ फार लागत नाही.

नवा गोदामवाला चांगला आहे, तरणा आहे. त्याचे नाव घ्यायला नोमाफाला कसलीच अडचण येत नाही. दिवसभर ती ते माईकवर घेते, स्वच्छ, न अडखळता. मग माईक ठेवते, खण जरासा उघडते, आणि काही न घेताच लावून टाकते.