नाव पुकारल्यावर

माझ्या आईला मतदानाचा दिवस सणासारखा वाटायचा. उमेदवार कोण, पक्ष कोणता, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसे. ते ती मला विचारायची, मग टीव्हीवर ऐकायची, आणि शेवटी दोघांचंही न ऐकता स्वतःच ठरवायची. तिचा जीव गुंतला होता तो टेबलापाशी. अमेरिकेतल्या आमच्या गावात अग्निशमन केंद्राच्या मोठ्या खोलीत मतदान होतं. बंब बाहेर काढतात, आत टेबलं मांडतात. पहिल्या टेबलामागे मिस ओलेटा बसलेल्या असत. त्या यादीवरून बोट फिरवत आईचं नाव मोठ्यानं वाचत, आणि दर वेळी चुकीचं वाचत. आई मान ताठ करून "यस" म्हणे, सही करी, मत देई. बाहेर आली की मला तेच सांगे:

"सरकारी माणसानं नाव पुकारलं. मी आत गेले. आणि बघ, परत आले."

कंबोडियात, मी तिच्या पोटात असताना, एका संध्याकाळी श्रमछावणीतल्या जेवणाच्या छपराखाली माझ्या बाबांचं नाव पुकारलं गेलं होतं. त्याआधी, सत्ता बळकावलेल्या त्या बंदूकधारी लोकांनी विचारलं होतं, तुमच्यात शिक्षक कोण कोण होते, देशाला शिक्षक हवे आहेत. बाबांनी हात वर केला. आईही शाळेत शिकवत होती. तिनं हात वर केला नाही. ती म्हणाली, मी भातलावणी करणारी. पुढे ते प्रत्येकाला आपली जीवनकथा सांगायला लावत, काही महिन्यांनी पुन्हा सांगायला लावत, आणि दोन्हींत फरक सापडला की तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नसे. आईनं प्रत्येक वेळी शब्दन् शब्द तोच सांगितला. म्हणून ती वाचली आणि म्हणून मी जन्मले.

अमेरिकेत आल्यावर खाडीकाठच्या या गावात तिनं कालवं फोडली, खेकडे सोलले. गावात आमची कंबोडियन घरं बरीच आहेत. कालवांच्या शेडमध्ये तिच्या शेजारी फल्ला मावशी उभी राहायची. ती नात्यानं मावशी नव्हे, निर्वासितांच्या छावणीतली मैत्रीण. नागरिकत्वाची परीक्षा दोघींनी बरोबरच दिली. आई तिसऱ्या खेपेला पास झाली, मावशी पहिल्याच, आणि ते मावशीनं तिला कधी विसरू दिलं नाही. प्रमाणपत्र आईनं चौकटीत घालून तांदळाच्या पिंपावर, भिंतीला लावलं होतं.

मी खाडीचं पाणी तपासते. पाणी दूषित निघालं की कालवं काढणं बंद होतं, स्वच्छ निघालं की सुरू होतं. त्यामुळे वर्षातले काही आठवडे फल्ला मावशी माझ्याशी बोलत नाही.

त्या ऑगस्टमध्ये एका रविवारी मी आईकडे गेले, तर पिंपावरची भिंत रिकामी होती. चौकटीच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन तेवढा राहिला होता.

"आई, प्रमाणपत्र कुठंय?"

"गादीखाली. लुंगीत गुंडाळून ठेवलंय."

"का?"

"आता ते दिसायला नको." ती लसूण सोलत होती. "पत्र आलं होतं सरकारचं. मी निस्तरलं सगळं. तू काळजी करू नकोस."

फल्ला मावशी स्वयंपाकघरातच बसली होती. "मलाही आलंय. सगळ्यांना आलंय. शेडमधल्या बोफाला आलं, त्या कोळंबीवाल्या व्हिएतनामी म्हाताऱ्यालाही आलं."

"मग तू काय केलंस, मावशी?"

"फ्रीजरमध्ये टाकलं, माशांच्या खाली. सरकारी कागद गरम असताना हातात धरू नये."

"आळशी," आई म्हणाली. "हिची वीजसुद्धा दोनदा तोडली होती. पत्र उघडत नाही म्हणून."

मी मावशीच्या घरी जाऊन ते पत्र आणलं. कागद ओला होता, माशाचा वास येत होता, पण वाचता येत होता. राज्याच्या निवडणूक कार्यालयानं लिहिलं होतं की आमच्या नोंदींप्रमाणे तुम्ही या देशाचे नागरिक नाही. तुमचं नाव मतदारयादीतून काढण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे. खाली फाडून पाठवायचा एक तुकडा होता. त्यावर छापलं होतं: मी नागरिक नाही, माझं नाव काढून टाकावं. पुढे सहीची रेघ.

हे का झालं ते मला लगेच कळलं. मोठ्या वादळात शेड वाहून गेली, तेव्हा दोघींनी बेकारभत्ता घेतला होता. तेव्हा त्या नागरिक नव्हत्या आणि अर्जावर परदेशी रहिवाशाचा क्रमांक होता. नागरिक झाल्या त्या नंतर. कार्यालयानं ते जुने क्रमांक काढून आजच्या यादीवर ठेवले. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या बाटलीतलं पाणी तपासून आजची खाडी बंद करण्यातला प्रकार.

"आई, तू निस्तरलंस म्हणजे काय केलंस?"

"सही केली. पाठवला तुकडा. त्याच दिवशी." तिनं लसणाची सालं मुठीत गोळा केली. "त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलेलं बरं."

"पण तू नागरिक आहेस!"

"ते म्हणतात नाही. मग नाही." ती माझ्याकडे बघून हसली, मी लहान असताना हसायची तशी. "थिदा, यादीत नाव असण्यापेक्षा नसलेलं बरं असतं. तुझ्या बाबांना हे कळलं नाही."

सप्टेंबरअखेर आमचा पितरांचा पंधरवडा असतो. पहाटे देवळाभोवती भाताचे गोळे टाकतात, आणि दिवसा भिक्खू मृतांची नावं वाचतात. नावं घरोघरच्या लोकांनी लिहून द्यायची. ज्याचं नाव कुणी दिलं नाही तो सात देवळं भुकेला हिंडतो. आई दर वर्षी बाबांचं नाव देते. भिक्खूनं ते वाचलं की तिचे खांदे खाली येतात.

त्याच पंधरवड्यात एका दिवशी मिस पेटवे देवळात आल्या. त्या केंद्र सरकारच्या न्यायखात्यातल्या वकील, काळ्या, साठीच्या आत-बाहेरच्या, पायांत साधे बूट. निवडणुकीच्या आधीचे नव्वद दिवस राज्यानं यादीतली नावं अशी सरसकट काढायची नाहीत, असा केंद्राचा कायदा आहे. तो मोडला म्हणून केंद्र सरकारनं राज्यावर दावा लावला होता आणि त्यांना साक्षी हव्या होत्या. त्यांनी बूट काढले, चटईवर बसल्या, वाढलेला भात खाल्ला. प्राहोकचा, आमच्या आंबवलेल्या माशांच्या चटणीचा, वास येताच एक क्षण थांबल्या, मग तोही खाल्ला.

"ही टिकेल," फल्ला मावशी आमच्या भाषेत म्हणाली. "जेवणाला नाक मुरडलं असतं तर मी कागद दिला नसता."

मावशीनं आपला माशाच्या वासाचा कागद मोठ्या दिमाखात पुढे केला. मिस पेटवेंनी तो पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "मिस फल्ला, कोर्टात हा वास पोचला तर न्यायाधीश निकाल लवकर देतील." मी भाषांतर केलं. मावशी इतकी हसली की भिक्खूंनी वळून बघितलं.

मग मी त्यांना आईचं सांगितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मिस साव्हेत," त्या आईला म्हणाल्या, "राज्यानं ज्यांना काढलं त्यांना मी परत आणायला लावू शकेन. पण तुमच्या कागदावर लिहिलंय की तुम्हीच काढायला सांगितलं. स्वतःहून निघालेल्या माणसाला कायदा अडवत नाही. तुम्ही मला एवढंच लिहून द्या की ती सही घाबरून केली होती आणि तुम्ही नागरिक आहात. सोबत प्रमाणपत्र जोडू. बाकी मी बघते."

मी हे आईला सांगितलं. ती कितीतरी वेळ चटईची काडी उकलत राहिली.

"म्हणजे आधी एक सांगितलं आणि आता दुसरं सांगायचं?"

"आता खरं सांगायचं, आई."

"खरं-खोटं कोण विचारतंय? ते दोन्ही कागद शेजारी ठेवतील." तिचा आवाज बारीक झाला होता. "फरक पडला की काय होतं तुला ठाऊक नाही. तू पोटात होतीस."

"हा तो देश नाही."

"मी पण तेच म्हणत होते. मग पत्र आलं."

मावशी तिला म्हणाली, "अगं बाई, तीनदा परीक्षा दिलीस ना? तेव्हा नाही घाबरलीस! एक सही कर आणि मोकळी हो. ही बाई आपल्या बाजूची आहे."

"ते पण असंच म्हणायचे. देशाला शिक्षक हवेत म्हणायचे."

मिस पेटवेंना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी मला भाषांतर करायला सांगितलं नाही. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काळ्यांना मत देऊ देत नसत तेव्हा माझी आजी एकदा मतदारयादीत नाव नोंदवायला गेली आणि पुन्हा कधी त्या इमारतीच्या रस्त्यानं गेली नाही. मी ओढून नेणार नाही. पण नव्यानं नाव घालायची मुदत आहे, ती संपेपर्यंत माझा फोन चालू आहे."

मुदत संपेपर्यंत मी रोज संध्याकाळी आईकडे गेले. कधी चिडले, कधी नुसतीच बसले. एकदा मी स्वतःच मजकूर लिहून नेला. तिनं तो नीट वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "अक्षर छान आहे तुझं. बाबांसारखं," ती म्हणाली. दुसऱ्या एका संध्याकाळी तिनं खरंच पेन हातात घेतलं. तिनं कागदाकडे बघितलं, मग दाराकडे, आणि उठून दाराची कडी लावून आली. परत बसली तेव्हा पेन तिनं कागदावर नुसतं धरून ठेवलं, टेकवलं नाही. मी ते काढून घेतलं.

मुदत संपली. त्यानंतर थोड्याच दिवसांत निकाल आला. केंद्रीय न्यायाधीशांनी राज्याला थांबवलं होतं. काढलेली नावं यादीत परत घाला, आणि ज्यांना पत्रं गेली त्यांना मत देता येईल अशी दुसरी पत्रं पाठवा, असा हुकूम होता. मिस पेटवेंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, यादीत बोफा परत आली, व्हिएतनामी म्हातारा आला, मिस फल्ला आली. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. "मी प्रयत्न केला," त्या म्हणाल्या. "जे स्वतःच्या सहीनं गेले, त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नाही."

आईनं त्या दिवशी मावशीसाठी आंबट सूप केलं. "बघ, फ्रीजरनं वाचवलं हिला," म्हणाली आणि तिच्या वाडग्यात खेकड्याची सगळ्यांत मोठी नांगी घातली. तिला खरोखर आनंद झाला होता. मला ते बघवलं नाही, म्हणून मी भांडी घासायला उठले.

मतदानाच्या सकाळी आई आमच्या बायका सणाला नेसतात ती रेशमी लुंगी नेसून दारात तयार होती.

"तू कुठं निघालीस?" मावशीनं विचारलं.

"गाडीत बसेन. तुला नीट ऐकू येत नाही. तुझं नाव पुकारलेलं मी ऐकीन."

अग्निशमन केंद्राचं मोठं दार वर ओढलेलं होतं. मी त्याच्या समोरच गाडी उभी केली. आईनं काच खाली केली, हात मांडीवर ठेवले. मी आणि मावशी आत गेलो. मिस ओलेटा तिथंच होत्या, तोच गळ्यातला चष्मा. त्यांनी मावशीचं नाव वाचलं, चुकीचं आणि मोठ्यानं. मी वळून बघितलं. गाडीतून आईनं मान हलवली. तिला पोचलं होतं.

मग माझी पाळी आली. मिस ओलेटांचं बोट माझ्या नावावर थांबलं, तिथून वर सरकलं, खाली आलं.

"आईचं नाव दिसत नाही, बाळ. देवानं नेलं की काय?"

"नाही. बाहेर गाडीत आहे."

"मग बाहेर कशाला? यादीत नसलं म्हणून काय झालं! तात्पुरती मतपत्रिका असते. भरून ठेवू, मोजायची की नाही ते मागून ठरवतील. पण माणसानं आत तर यावं!"

"ती येणार नाही," मी म्हणाले. पण मिस ओलेटा तोवर उठल्या होत्या. गुडघे धरत, खुर्च्यांना हात टेकत त्या दारापर्यंत गेल्या. मी मागे धावले. गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात यादी, चेहऱ्यावर हसू. त्यांनी हात उंच केला आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल असं आईचं नाव पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते अगदी बरोबर उच्चारलं. कदाचित आमच्या तोंडून ऐकून ऐकून जमलं असेल.

गाडीची खिडकी रिकामी झाली.

मी धावत जाऊन दार उघडलं. आई सीटवरून खाली सरकून पुढच्या अरुंद जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रेशमी लुंगी डॅशबोर्डखाली गोळा झाली होती. पदराआड ओढावं तसा तिनं एका हातानं माझा कोट धरला आणि दुसरा माझ्या तोंडावर दाबला. तिच्या हाताला खाडीचा वास होता.

"त्यांनी विचारलं का?" ती कुजबुजली. "काय सांगितलंस?"

मागे मिस ओलेटांनी पुन्हा एकदा, प्रेमानं, नाव पुकारलं. आईनं डोळे मिटून घेतले.

"भातलावणी करणारी," ती पुटपुटली. "भातलावणी करणारी म्हणून सांग."